खैरुनबीचा घाव

राधानगरीकडं महाराजांनी धरणाचं काम काढलं, तेव्हापासून कसबा बावड्यातल्या शमशुद्दीन लोहाराच्या भट्टीला उसंत नव्हती. पाथरवटांच्या पहारी, छिन्न्या रोज यायच्या. शमशुद्दीन डाव्या हातातल्या सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरी आणि समोर उभी राहून त्याची बायको खैरुनबी घण घाली. दोघांत बोलणं नसे. तो उजव्या हातातल्या हातोडीनं लोखंडावर टिचकी मारी, तिथंच घण पडे. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं.

त्या सकाळी शेजारचा आकाराम नांगराचा फाळ घेऊन आला होता. खैरुनबी मात्र धुमसत होती. शमशुद्दीननं गडहिंग्लजच्या एका बिजवर व्यापाऱ्याला लेकीचा, नजीराचा शब्द दिला होता. नजीरा नुकती वयात आलेली, आणि तो चाळिशी उलटलेला. आईला हे कळलं ते विहिरीवर, शेजारणीकडून.

"पोरगी द्यायला निघालासा आन् मला इचारलं बी न्हाई," ती म्हणाली.

"भाता वढ. लोखंड निवतंय."

तिनं भाता ओढला आणि मग घण उचलला. घावामागून घाव पडत गेले. शमशुद्दीननं हातोडी आडवी ठेवली, ती तिला दिसली. घण डोक्यावर होता, आवरता आला असता. तिनं आवरला नाही. तेवढ्यात फाळ उलटा करायला त्यानं हात पुढं सरकवला होता. घण फाळाच्या काठावर बसला, सांडशी उलटली आणि त्याची बोटं सांडशी नि ऐरणीच्या मधी चिरडली.

कोल्हापूरच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. विचारेल त्याला शमशुद्दीन सांगायचा, "माझाच हात पुढं गेला." आकारामही तेच सांगायचा.

पेरणीला अवकाश होता, म्हणून घण घालायला आकाराम येऊ लागला. सांडशी खैरुनबीनं धरली. शेजारणी म्हणायच्या, बाई असावी तर अशी, नवऱ्याचा हात झाली. ते ऐकलं की ती अर्धीच घागर उचलून विहिरीवरून निघून यायची.

एका दुपारी जखमेची पट्टी बदलताना तिच्यानं राहवलं नाही.

"तुमी हातोडी आडवी ठिवलेली मला दिसली व्हती."

"मग?"

"तरी घाव घातला. राग आलता."

त्यानं मान वर केली. "हात दिसला व्हता माझा?"

"न्हाई." ती थांबली. "पर मी बघितलंच न्हाई की."

त्यानं तिच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि पट्टीची गाठ दातांनी मारली. त्यानंतर कामापुरतंच बोलणं उरलं.

गडहिंग्लजहून माणूस तारीख ठरवायला आला, तेव्हा ती आत भाकरी थापत होती. बाहेर शमशुद्दीनचा आवाज आला, "न्हाई जमायचं, पावणं. पोरीच्या आईला पटत न्हाई."

"शब्द दिलासा की तुमी."

"मीच दिलता, मीच मागं घेतोय."

नजीरानं येऊन आईला मिठी मारली. खैरुनबीचे हात पिठाचे होते. ते तिनं तसेच बाजूला धरून ठेवले, लेकीच्या पाठीवर ठेवले नाहीत. हवं होतं ते झालं होतं आणि त्यासाठी काय गेलं होतं, ते फक्त तिला आणि शमशुद्दीनला ठाऊक होतं.

पाहुणा गेल्यावर ती बाहेर आली. "माझ्या भ्यानं मोडलंसा?"

शमशुद्दीन भट्टीतली राख उकरत होता. "भ्यालोय थोडा, खोटं कशाला बोलू. पर तू आदी तोंडानं सांगितलंतं, ते मी ऐकलं न्हाई. त्येबी खरंच हाय."

"माफ केलंसा?"

"आजून न्हाई," तो म्हणाला. "बघू."

पुढच्या वर्षी नजीरा पन्हाळ्याला तिच्याच वयाच्या, कल्हई करणाऱ्या सिकंदरला दिली. पोरगी सुखात होती. माहेरपणाला आली की हसत यायची, आणि खैरुनबी नवऱ्याच्या हाताकडं बघायची.

बोटं गेली त्याच वर्षी, पेरणी आली तसा आकाराम शेतात गुंतला होता. घण पुन्हा खैरुनबीच्या हाती आला. लोखंड धरण्यापुरती पकड शमशुद्दीनला आता आली होती. पण प्रत्येक घावाआधी ती त्याच्या बोटांकडं बघून घ्यायची आणि तेवढ्यात लोखंड निवायचं. मग ते पुन्हा भट्टीत घालावं लागे.  'भाता वढ' न म्हणता शमशुद्दीन स्वतःच भाता ओढायला उठायचा.