उघडता येईल असं काहीतरी

"तबकडे, ते गाड्या पळवायचे खेळ असतात ना, ते कशावर खेळतात गं?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं निसटता निसटता राहिलं. तबकडी म्हणजे मीच. चेहरा गोल आणि बाप घड्याळजी, दुसरं काय नाव पडणार! पण आश्चर्य प्रश्नाचं नव्हतं, बाबांनी तो विचारला याचं होतं. दुकान बंद केल्यापासून ते खिडकीपाशी बसून असत, हात खिशात आणि नजर बाहेर. हल्ली वेळ बघायला सगळ्यांकडे मोबाइल असतो, दुरुस्तीला कोण येतंय, असं ते म्हणाले होते आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. अवजारांच्या पेटीवर धूळ साचायची. मी मुद्दाम त्यांच्यासमोर ती पुसायचे, तर ते तिकडे बघायचेही नाहीत. हा माणूस असा बसून बसून विझून जाईल, याची मला मनापासून भीती वाटत होती. म्हणून तो प्रश्न मी घट्ट धरून ठेवला.

मी शाळेची बस चालवते, त्यामुळे तज्ज्ञांची कमतरता नव्हती. दुसऱ्या दिवशी नुसतं विचारायचा अवकाश, बसमध्ये दोन तट पडले. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा, लावला की खेळ सुरू. त्याच्यावरचे खेळ मात्र महाग. तेवढ्याच पैशातला कंप्युटर सुरुवातीला जरा रडतखडत चालणार, पण पुढे एकेक भाग बदलून त्याला सुधारता येतं. मागच्या बाकावरच्या दोघी तर या वादापायी घर येईपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत.

"उघडता कुठला येतो?" मी आरशातून विचारलं.

"कंप्युटर! कन्सोलला आतून हात लावायचा नाही."

झालं, माझं ठरलं. जन्मभर यंत्रं उघडून बघितलेल्या माणसाला बंद डबा काय द्यायचा? बाबांना विचारायची मला गरजही वाटली नाही. अशी गरज मला बऱ्याचदा वाटत नाही.

मी बाबांना कंप्युटरच्या दुकानात नेलं. तिथली मुलगी मोठी हौशी निघाली. तिने एका कंप्युटरची बाजूची काच काढून ठेवली आणि बाबा पुढे वाकले. किती दिवसांनी त्यांना असं वाकलेलं बघत होते मी!

"हा पंखा कशाला?"

"आतलं तापतं ना काका, म्हणून."

"आणि हे आडवं काय?"

"हे चित्रं काढतं. याच्यातलं हे साधं आहे. पुढे चांगलं घेतलंत की हे काढायचं आणि ते बसवायचं. एक स्क्रू फक्त. बघता काढून?"

तिने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. बाबांचे हात खिशातच.

"नको, तूच काढ."

मला रागच आला. अहो, इथवर आणलं, तुमच्या आवडीचं समोर उघडून ठेवलं, आता कसले आढेवेढे? मी तो स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सरळ त्यांच्या हातात कोंबला. ते वाकले. टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. एकदा घसरलं, पुन्हा घसरलं.

"चष्मा नाही आणला," बाबा म्हणाले.

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी स्क्रूड्रायव्हर हळूच परत घेतला.

मुलगी शहाणी होती. "काका, खेळून तर बघा आधी," म्हणत तिने त्यांना पलीकडच्या टीव्हीसमोर बसवलं आणि कन्सोलचा कंट्रोलर हातात दिला. बाबांनी गाडी काढली ती सुसाट. पहिल्याच वळणावर रस्ता सोडून खडीत घातली आणि एकदम दचकले.

"हे कोण करतंय?"

"कंट्रोलर, काका. रस्ता खडबडीत असला की तो थरथरतो."

बाबांनी हातांकडे पाहिलं. मग गाडी रस्त्यावर आणली, आणि पुन्हा मुद्दाम खडीत घातली. पुन्हा बाहेर, पुन्हा खडीत. माझ्या बसमधली पोरंसुद्धा इतकी वात्रट नाहीत. बाबा हसत होते, अगदी खुदुखुदु.

"तबकडे, इकडे ये. धरून बघ."

मी त्यांच्या हातांवर हात ठेवले. गाडी खडीत गेली आणि सगळं थरथरलं, कंट्रोलर, त्यांचे हात, माझे हात. मला गंमत वाटली. मग त्यांनी गाडी सावकाश रस्त्यावर घेतली आणि उभी केली. कंट्रोलर थांबला.

माझ्या तळव्याखालचे हात थांबले नाहीत.

मी बाबांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघत होते.

"दुकान मोबाइलमुळे नाही गं बंद केलं," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात मुलगी आली. "मग काका, काय ठरलं?"

"हाच दे. याच्यात माझं कुणाला कळत नाही."

"मला कळलं की," मी कसंबसं म्हटलं.

"म्हणून तर तुला धरायला दिला," बाबा म्हणाले.