लुतऱ्या आक्काची किटली

मित्रांनो, बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी किटली आहे. बूड काळे, पोटाला पोचे आणि झाकणावरची गाठ मूळची नव्हे, नंतर ठोकलेली, बाभळीची. पण मी जर्मनची आहे बरं! आमच्या भागात अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनी मी पाहिलेली नाही, तरी मिरवायला काय जाते?

कारखान्यात पत्र्याला दाबून, ठोकून, घासून मला घडवले. दुकानात मी आरशासारखी लखलखत होते. तिथून सुवार्ताच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात आंदण दिले. सुवार्ता सीमेपलीकडच्या लुथरन ख्रिस्ती घरातली. हुपरीच्या वाटेवरच्या एका खेड्यात येसुदास नावाच्या शेतकऱ्याच्या घरी ती नांदायला आली. घरी थोडा ऊस आणि म्हशी. तिचा पंथही मूळचा जर्मनीचा म्हणे. म्हणजे आम्ही दोघी एका माहेरच्या!

थोड्या दिवसांनी शेजारच्या तानाबाईने कुंपणावरून चौकशी केली, "आक्का, तुमी किरिस्ताव, पर त्यातलं कंचं?"

"लुथरन."

"लुतरं?" तानाबाईने तोंडाला पदर लावला. लुतरा म्हणजे चुगलखोर. "अगं बया! चुगल्या करता व्हय तुमी?"

"व्हय की," सुवार्ता हसली. इथल्या बायकांसारखे बोलायला ती लवकर शिकली होती. "रोज सांजचं देवाजवळ तुमच्या समद्यांच्या चुगल्या करतो."

झाले! त्या दिवसापासून गावात ती लुतरी आक्का. तिने त्याचा कधी राग मानला नाही, कारण ते खरेच होते. संध्याकाळी ती मला घासून खिळ्याला अडकवायची आणि तिथेच डोळे मिटून पुटपुटायची, "बायडाबाईचं गुडघं बरं कर. पिराजीचा खोकला थांबीव. आन् तानाबाईच्या तोंडाला जरा लगाम घाल बाबा." स्वतःसाठी मागताना मी तिला ऐकले नाही. तिला मूलबाळ नव्हते. त्याबद्दलही ती बोलली नाही.

शाळेत पोलिओचा डोस असो, महापुरात देवळात आसरा घेतलेली माणसे असोत, ऊसतोड असो की चर्चचा नाताळ, आम्ही दोघी हजर. माणसे मला तिथेच कळली. बाळासो सरपंच दोन कप रिचवून 'आमाला अजून मिळाला न्हाय' म्हणायचे. बायडाबाई 'नगं, नगं' म्हणत कप पुढे करायची. मी सगळ्यांचा हिशेब ठेवून होते. आक्काने कधी ठेवला नाही.

पण माझे खरे काम वेगळेच ठरले. आमच्याकडे ज्या घरात माणूस जाते, तिथे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. चहा-भाकरी शेजाऱ्यांनी न्यायची असते. तानाबाईचा नवरा पिराजी त्या खोकल्यातच गेला, तेव्हा सगळ्यांच्या आधी आक्का मला घेऊन दारात उभी राहिली. पाव्हण्यांत कुणीतरी कुजबुजले, "किरिस्तावाच्या घरचा चहा चालंल का?"

तानाबाईने मान वर केली. "जिचं मानूस गेलंय तिला इचारा की! वत आक्का."

आक्काने ओतला. त्यानंतर गावात कुठेही रडणे उठले की तिचा हात आधी माझ्याकडे येई. जात कुठली, भांडण कुणाशी, काही नाही. आले ठेचायचे, साखर जास्त टाकायची आणि निघायचे. "दुःखात घशाखाली गोड जातंय," असे ती म्हणे.

आक्का म्हातारी झाली. येसुदासला सगळे आण्णा म्हणू लागले. माझी कड झिजली, तिचे हात कापू लागले. आणि यंदा नाताळची चांदणी दारावरून उतरवायच्या आतच आक्का गेली.

सगळे गाव मातीला आले. चर्चमध्ये माणूस मावेना. तिच्याबद्दल चांगले बोलायला तर रांग लागली. बाळासो सर्वांत जास्त वेळ बोलले. मग माणसे परत येऊन अंगणात बसली. आण्णा भिंतीला टेकून बसले. सकाळपासून त्यांच्या पोटात पाणीही नव्हते.

मी खिळ्याला लटकून वाट पाहत होते.

कुणीच आले नाही हो. गावाला वाटले, ख्रिस्ती लोकांत चूल बंद ठेवत नसतील, त्यांचे ते बघतील. चर्चच्या लोकांना वाटले, आक्काने साऱ्या गावाला चहा पाजला, आज गाव आणणारच. दोघांचेही बरोबर होते आणि म्हातारा उपाशी होता. मला तोंड आहे मित्रांनो, पण ते फक्त ओतायचे. हाक मारायचे असते तर?

शेवटी आण्णाच उठले. भिंत धरत आत आले, मला खिळ्यावरून काढले, पाणी भरले आणि काडी ओढली. आक्काला गॅसचा चहा आवडत नसे. आमच्याकडे चूलच होती.

शेजारून धूर दिसला तशी तानाबाई काठी टेकत धावत आली. "आण्णा! काय करतायसा? माती दिलेल्या दिशी सोताच्या घरात चूल पेटवत्यात व्हय?"

"पावणं बसल्यात, तानाबाई."

"म्हनून तुमी? आनायचं न्हाय व्हय कुनी?"

आण्णांनी माझ्याकडे पाहिले. "आननारीच गेली की."

तानाबाईने चुलीवर पाणी मारले, मला पदरात धरले आणि आपल्या घरी नेले. चहा केला. रडण्याच्या नादात साखर विसरली. अंगणात सगळ्यांनी तो कडू चहा प्यायला. बायडाबाई 'नगं' म्हणाली नाही. बाळासोंनी दुसरा कप मागितला नाही.

आण्णांनी घोट घेतला. "साखर न्हाय."

"विसरलो," तानाबाई म्हणाली. मग हळूच, "आण्णा, आता आमच्या चुगल्या कोन करनार?"

आता मी तानाबाईच्या खिळ्याला असते. माझी चकाकी गेली, बुडाला एक भोक डाक लावून बुजवले आहे. मला घासा, जपा, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगते मित्रांनो, शेजारी रडणे ऐकू आले तर 'दुसरं कुणीतरी नेईल' म्हणून थांबू नका. त्या दिवशी सगळे गाव एवढ्यासाठीच थांबले होते.

काल संध्याकाळी मला अडकवून तानाबाई तिथेच उभी राहिली. इकडे तिकडे पाहिले आणि डोळे मिटले.

"आक्काच्या देवा," ती पुटपुटली, "मला काय तुजं मंतर येत न्हाईत. पर आण्णा जेवत न्हाय बघ. तेवढी एक चुगली हाय."