सरुबाईची गावाची ओढ

पहाटे सरुबाई पुन्हा धरणाकडं निघाली आणि या वेळी गुडघाभर पाण्यात शिरली. महिपतीनं आईला कसंबसं ओढून घरी आणलं आणि तो दोर शोधायला लागला.

"आता बांधूनच ठिवतो. न्हाईतर बुडून मरंल."

त्याची बायको मुक्ताबाई सासूचं ओलं लुगडं बदलायला लागली. यंदाच्या भातलावणीला हीच सासू सगळ्या बायकांच्या पुढं होती. आता एकच धोशा, "घरी जाऊ द्या, गुरं उपाशी हायती." ते घर जुन्या गावासकट धरणाखाली गेलं, त्याला पंचवीस वर्षं झाली होती. तिथून उठून तुंगार्लीला आलेली सगळीच म्हातारी माणसं त्या गावाचं नाव काढायची. त्यामुळं सरुबाईचं कुणाला नवल वाटलं नाही. "गावाची ओढ लागलीया," म्हणून शेजारी मोकळे झाले.

मुक्ताबाईला मात्र चैन पडेना. सासूची लुगडी ती धूत होती. त्यांना कुजका, उग्र वास यायचा. सासू घडीघडी परसात जायची आणि कण्हत यायची. बाईमाणसाचं हे दुखणं पुरुषाला सांगायचं कसं? पण महिपतीच्या हातात दोर बघून तिच्यानं राहवलं नाही.

"अवं, आत्याबाईंच्या लघवीला जळजळ हाय. लोणावळ्याच्या डाक्टरला दावू."

"खुळ्या माणसाला डाक्टर काय करणार?"

"लघवीचं तरी बघंल. दोर काय कुटं पळून जातोय?"

वाटेत सरुबाई सारखी गाडीतून उतरायला बघत होती. दवाखान्यात मुक्ताबाईनं पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं बघत डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी लघवी तपासली.

"आत पू झालाय. म्हाताऱ्या माणसांना अशा वेळी ताप दिसत नाही, पण भ्रम होतो. या सल्फाच्या नव्या, पू मारणाऱ्या गोळ्या द्या. पाणी भरपूर पाजा."

"भानावर येतील नव्हं?"

"येतील कदाचित. नक्की नाही सांगता येत."

त्या 'कदाचित'मुळं मुक्ताबाईला अन्न गोड लागेना. ती दाराला पाठ लावून बसायची, पाणी पाजायची आणि सासूच्या डोळ्यांत बघत राहायची. कधी ओळख दिसल्यासारखी वाटायची, की लगेच पुसून जायची.

एका दुपारी सरुबाईनं भांडं बाजूला सारलं.

"मुक्ते, किती पाजशील? मी काय म्हस हाय?"

मुक्ताबाईनं भांडं खाली ठेवलं.

"आन् त्या परक्या बाप्याम्होरं माझं समदं सांगितलंस. लाज न्हाई वाटली तुला?"

मुक्ताबाई हसायला गेली आणि रडूच फुटलं. ओसरीवरून महिपती ओरडला, "काय झालं गं?"

"मला बोलत्यात," ती म्हणाली. "या की, ऐका."