आरसा, दोर आणि सात वर्षांचे अपडेट

“आरसा बघू नकोस, दोर बघ. आणि दोर बघायच्या आधी तो कधी बसवला ते विचार.”

मामा हे सांगायचा तेव्हा त्याच्या दातांत एखादा स्क्रू धरलेला असायचा, त्यामुळे निम्मं बोलणं स्क्रूच्या वाट्याला जायचं. या वाक्याला पुढे तिसरं शेपूटही होतं. पण तोवर भाचीचं लक्ष जेवणाच्या डब्याकडे गेलेलं असे. मामा जाऊन अकरा वर्षं झाली. जन्मभर लोकांना वर पोचवणारा माणूस, पण त्याला स्वतःला चौघांनी खाली आणलं ते जिन्याने, कारण आडवा माणूस लिफ्टमध्ये मावेना. लिफ्ट त्याच्याच हातची होती. ती मात्र त्या दिवशीही न अडकता वरखाली करत होती, निगरगट्टासारखी.

भाची आता चोपन्न वर्षांची होती आणि तिला सगळे लिफ्टकाकू म्हणत. खुद्द तिच्या नवऱ्यानेही एकदा बँकेच्या फॉर्मवर बायकोचं नाव लिहिताना पेन अर्धा मिनिट हवेत धरलं होतं. अकरा मजल्यांच्या एका इमारतीतल्या दोन लिफ्ट तिच्याकडे होत्या. माणसाला देव आठवतो तो दोन मजल्यांच्या मध्ये, हा तिचा अनुभव. पण लिफ्टच्या डब्यातल्या पाटीवर नंबर तिचा होता, त्यामुळे देवाच्या आधी फोन तिला यायचा.

नऊ वर्षांपासून त्या दोन लिफ्टवर ‘पाना’ डोळा ठेवून होता. पाना म्हणजे शेजारच्या गल्लीतला लिफ्टवाला. त्याची कामाची पद्धत अशी, की लिफ्टमध्ये शिरला की आधी आरसा पुसायचा. लोक म्हणायचे, काय छान झाली हो लिफ्ट. काकूला हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जायची. दोराची एक तार तुटलेली असते आणि ही माणसं आरशात आपला भांग बघून खूश.

दोन वर्षांपूर्वी तिच्यावरच एक वेळ आली होती. सातव्या-आठव्या मजल्यांच्या मध्ये, शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली करते त्या विहिरीत, डब्याच्या टपावर उभी राहून ती काम करत होती. लिफ्ट बंद, आणि तरी समोरची भिंत वर चाललीय असं तिला दिसलं. शुगर एकदम उतरली होती. पहारेकऱ्याने तिला पोत्यासारखं ओढून काढलं म्हणून वाचली. त्यानंतर दंडावर एक बटणाएवढं यंत्र चिकटलं. शुगर खाली जाऊ लागली की ते फोनला कळवायचं आणि फोनमधलं ॲप असं किंचाळायचं, की पाचव्या मजल्यावरची कुत्रीसुद्धा उत्तर द्यायची.

नवरा शिंपी. शपथा घालणारा माणूस नव्हे. इस्पितळात तो तिच्या खाटेशी बसून तिच्या फाटक्या बाहीला टाके घालत राहिला, एवढंच. पण घरी आल्यावर काकूने आपणहून त्याच्या कात्रीवर हात ठेवला. त्या घरात कात्रीहून पवित्र काही नव्हतं. त्या कात्रीने कुणी कागद कापला तर आठवडाभर अबोला. “यंत्र ओरडणारं असेल तरच मी शाफ्टमध्ये जाईन. नाहीतर नाही,” ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि कात्री पुसून ठेवली, कारण तिच्या हाताला ग्रीस होतं.

आणि आता ॲपने कळवलं होतं, की सोमवारपासून ते तिच्या फोनवर चालणार नाही. फोन बिघडलेला नव्हता. सहा वर्षांत चारदा पडून, एकदा तेलात बुडून तो ठणठणीत होता. पण त्याला नवे अपडेट येणं थांबलं होतं आणि तेवढ्यावर त्याला वाळीत टाकलं होतं. काकूला साठीपर्यंत, म्हणजे अजून सहा वर्षं काम करायचं होतं. फोन नाही तर ॲप नाही, ॲप नाही तर शाफ्ट नाही, आणि शाफ्ट नाही तर पाना आरसे पुसायला तयारच होता.

शनिवारी दोघं फोनच्या दुकानात गेली. दुकानदार गोड आवाजाचा. समोरचा माणूस आजारी असल्यासारखा तो प्रत्येकाशी बोलायचा. त्याने पहिल्यांदा कॅमेरा दाखवला. नवरा लगेच भाळला. त्याने फोनची पाठ दोन बोटांत धरून कापडासारखी चोळली आणि अस्तर चांगलं आहे असा अभिप्राय दिला. मग त्याने काकूचाच फोटो काढला. त्यात तिच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येत होत्या.

“हा आरसा झाला,” काकू म्हणाली. “दोर दाखवा.”

दुकानदाराला आधी वाटलं, गळ्यात अडकवायचा दोर हवाय. तो त्याने दाखवलाही, तीन रंगांत. मग काकूने त्याला अपडेटचं विचारलं. त्याचा चेहरा उजळला. सवलतीत लावलेला एक फोन पुढे सरकवून तो म्हणाला, याला सात वर्षं अपडेट, कंपनीचा शब्द आहे. काकूने विचारलं, सात कधीपासून. म्हणजे मॅडम, दुकानदार म्हणाला. म्हणजे दोर बसवला कधी, काकू म्हणाली. आज मी पहिल्यांदा या लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं म्हणून दोर आजचा होत नाही. दुकानदाराने खोक्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि मग कबूल केलं की वर्षं मोजतात ती फोन बाजारात आला तेव्हापासून, आणि हा आला त्याला तीन वर्षं झाली.

“सातातून तीन गेले चार. मला लागतात सहा,” काकू म्हणाली. “दोन वर्षं काय तुमच्या गोड आवाजावर काढू?”

नवऱ्याने घाईने एका कव्हरच्या शिवणीत लक्ष घातलं.

पुढचा फोन नवाकोरा होता, पण त्याला अपडेट दोनच वर्षं. तो तिने न उचलताच परत केला. त्याच्या पुढच्याची वर्षं पुरेशी होती, पण मेमरी कमी. दुकानदार म्हणाला, तुम्हाला कुठे गेम खेळायचेत. काकूने त्याला शांतपणे समजावलं, की मेमरी कमी पडली की फोन मागे चाललेली ॲप्स गुपचूप बंद करतो. घरात माणसं कमी आणि कामं जास्त झाली की पहिल्यांदा पहारेकऱ्याला झोपायला पाठवतात, तसं. आणि तिला नेमका तो पहारेकरीच जागा हवा होता. दुकानदाराने वरच्या फळीवरचं खोकं काढलं. माणूस हरला की थेट चांगला माल काढतो, हे काकूला माहीत होतं.

हा फोन बाजारात येऊन महिना झाला होता. सात वर्षं, मेमरी भरपूर, बॅटरी दिवसभर पुरून उरणारी, काच जाड. काकूने तो हातमोजा घालून चालवून बघितला, खिशातला बारीक टॉर्च मारून बाजूच्या फटी तपासल्या, कानाशी धरून आवाज पुरा मोठा केला. दुकानातल्या एका बाईने दचकून आपल्या पर्सवर हात ठेवला. नवरा म्हणाला, हाच घे, आता जेवायची वेळ झाली.

इथे काकूने घेतला असता तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती.

पण नवी लिफ्ट ताब्यात घेताना आधी रिकामी वरखाली चालवून बघतात, मगच कागदावर सही होते. चाचणी फेरीशिवाय सही करणाऱ्याला मामा गाढव म्हणायचा, आणि ते मात्र स्क्रू काढून म्हणायचा. कंपनी सात वर्षं अपडेट देते म्हणता ना, काकू म्हणाली, मग एक आत्ता येऊ द्या. दुकानदार म्हणाला, घरी गेल्यावर आपोआप येईल. “घरी गेल्यावर तुम्ही नसाल,” काकू म्हणाली. तेव्हा त्याने तिथेच फोन चालू करून अपडेटचं बटण दाबलं. कालच आलंय मॅडम, एकदम ताजं, तो कौतुकाने म्हणाला. तिघंही काउंटरवर कोपरं टेकून तो आकडा चढताना बघत राहिली, पाळण्यातल्या पोराकडे बघावं तशी. शंभर झाले. काकूने सही केली. दोर हलला होता, तिने डोळ्यांनी बघितला होता.

घरी आल्यावर नवऱ्याला डुलकी लागली आणि काकूने नव्या फोनवर ॲप घेतलं. ॲपने तिचं स्वागत केलं, जन्मतारीख विचारली, आणि मग कळवलं की फोनमधली ही आवृत्ती फारच नवी आहे. तिच्यावर ॲपची तपासणी झालेली नाही. सूचना वाजेलच अशी खात्री देता येत नाही.

काकूने ते तीनदा वाचलं. मग मदतीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईने दुजोरा दिला. फोन खोक्यातून निघाला तसाच ठेवला असता तर चाललं असतं, असंही ती म्हणाली. अपडेट कशाला केलंत? आता मागे जाता येणार नाही. तपासणीला सहा आठवडे लागतील, कदाचित आठ. दुसरा एखादा जुना फोन आहे का?

“आहे,” काकू म्हणाली. “तो तुम्ही सोमवारी मारताय.”

पलीकडून त्या बाईने आणखी काही सेवा करू शकते का, असं विचारलं.

एक फोन म्हातारा म्हणून बाद, दुसरा पोरगेला म्हणून नापास. काकूने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. देवालासुद्धा माणूस घडवताना अपडेटचा वायदा करता आला नव्हता, नाहीतर तिच्या स्वादुपिंडाची ही दशा झाली नसती. मग कंपनीने केला तर तिने त्याची परीक्षा घ्यायला नको होती. दोष द्यायला कुणी सापडेना. दुकानदाराला शिव्या घालाव्यात तर बटण त्याने तिच्याच हट्टाने दाबलेलं. नवरा उठल्यावर झालं का सगळं, असं त्याने विचारलं. झालं, ती म्हणाली. जे व्हायचं ते झालंच होतं.

रविवारी नवऱ्याने तिचा कामाचा निळा शर्ट मशीनवर घेतला. नवा फोन मागून घेतला, लांबी-रुंदी टेपने मोजली, जाडीला अर्धं बोट सोडलं आणि छातीवर डाव्या बाजूला नवा खिसा शिवला. वर झाकण, दुहेरी टाका, आणि आवाज बाहेर यावा म्हणून कापडाला काजाएवढी तीन भोकं, तीही हाताने शिवलेली. काकू दारात उभी राहून बघत होती. आता सांगावं, असं तिच्या ओठांवर दोनदा आलं. पण तो तोंडात दोरा धरून एवढा खुशीत होता, की तिने आधी त्याला चहा करून दिला आणि मग सांगायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी जुन्या फोनवरचं ॲप उघडेनासं झालं. नऊ वाजता इमारतीतून फोन आला. दोन नंबरची लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये थांबली होती. आत कुणी नव्हतं, देवाची दया. नवव्या मजल्यावरचे वकील तेवढे जिन्याने उतरत होते आणि प्रत्येक मजल्यावर थांबून एकेक कलम बोलत होते.

काम वीस मिनिटांचं, तिने ऐकूनच ओळखलं. दरवाजाचा कॉन्टॅक्ट, म्हणजे तो लागल्याचं लिफ्टला सांगणारा पत्रा, सुटला असणार. टपावर उतरायचं, पत्रा वाकवायचा, वर यायचं. वीस मिनिटांत शुगर कुठे जाते? सकाळी पोटभर खाल्लेलं होतं. आणि पानाच्या हातात एकदा ती लिफ्ट गेली, की सहा आठवड्यांत तो आरसाच काय, बटणंसुद्धा चकचकीत करून ठेवील. मग लोक काकूला विसरायला किती वेळ लावणार?

नवऱ्याने शर्ट पुढे केला. तिने तो घातला. त्याने खिशाचं झाकण उघडून नीट बसवलं आणि म्हणाला, “इथे ठेव. आता मला घरी बसून काळजी नाही.”

यंत्र चालू आहे का, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. खोटं तरी बोलता आलं असतं.

काकू जिन्याने खाली आली. हत्यारांची पेटी एका हातात, दुसऱ्या हातात ती तिकोनी किल्ली, जिच्यावाचून कुठल्याही मजल्यावरचा लिफ्टचा दरवाजा बाहेरून उघडत नाही. ही किल्ली मामाची. नऊ वर्षांत पानाने ती तीनदा उसनी मागितली होती आणि तीनदा तिने त्याला, आरसा पुसायला किल्ली कशाला लागते, असं विचारलं होतं, तेही चारचौघांत.

फाटकाशी ती थांबली. तेव्हा मामाच्या बोलण्याचं तिसरं शेपूट आठवलं, चाळीस वर्षांनी, स्क्रूसकट. “नवा दोर पहिले काही आठवडे ताणला जाऊन लांबतो. तोवर त्याच्यावर विसंबू नकोस.” तिने स्वतः किती वेळा नवे दोर बसवून महिन्याने परत आवळले होते. हातांना सगळं पाठ होतं, डोक्यालाच तेवढं ऐकू गेलं नव्हतं.

उजवीकडे इमारत होती. डावीकडे पानाची गल्ली. पाना काय म्हणेल, ते तिला इथूनच ऐकू येत होतं: काय काकू, आज आमची आठवण? दोर तुटला का? त्यावर एक सणसणीत उत्तर तिच्याकडे तयार होतं. ते तिने गिळलं. सहा आठवडे त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं. तुटलेल्या तारा कशा मोजायच्या, तेही त्याला शिकवायला लागणार होतं. आणि संध्याकाळी घरी तीन भोकांच्या खिशाबद्दल खरं सांगायचं होतं. ते पानापेक्षा कठीण.

तिने फोन काढून पेटीत टाकला, खिशात किल्ली ठेवली, झाकण लावलं, आणि डावीकडे वळली.