पांढरा कागद

काळा धूर ओकणाऱ्या गाडीला रस्त्यावर चालायची पावती नाही, असा नियम एकोणनव्वद साली आला आणि महाल वस्तीतल्या मार्तंड मिस्त्रीला आपलं नशीब फळफळलं असं वाटलं. डिझेलचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चंपतरावांच्या मिनीबसवर त्यानं तीन दिवस घालवले. नोझल बदलले, दाब जुळवला, पंपातून किती डिझेल सुटायचं ते ठरवणारा स्क्रू नेमका बसवला आणि त्यावर शिशाचं सील ठोकलं. उद्या ही बस खाप्याला वऱ्हाड नेणार होती. आज पावती मिळाली नाही, तर वऱ्हाड पायी.

तपासणीच्या मैदानात देशकर साहेबांनी सायलेन्सरमध्ये नळी खुपसली. नळीतून ओढलेल्या धुरानं कागद जितका काळा होईल, तितका गाडीचा आकडा मोठा. पाचच्या आत पास.

कागद पांढरा निघाला.

साहेबांनी तो उलटून पाहिला. मागूनही पांढराच होता.

"इंजिन चालू होतं का?" ते ओरडले.

"साहेब, बंद असतं तर तुम्ही ओरडून काहून बोलून राहिले असते?" मार्तंड म्हणाला.

दुसरा कागद पांढरा. तिसराही. साहेबांनी नळी तोंडाला लावून फुंकून पाहिली. आधीच्या ट्रकांची काजळी त्यांच्या मिशांना लागली, कागदाला मात्र नाही.

"असला कागद फाईलला लावला, तर वरचे म्हणतील देशकरनं खुर्चीत बसून तपासणी केली. कागदावर काहीतरी दिसलं पाहिजे."

"काही दिसू नये म्हणूनच तर नियम आहे ना, साहेब!"

"नियम मला शिकवू नका. मशीन बिघडलंय. पंधरा दिवसांनी या."

चंपतराव मार्तंडाच्या कानाशी आले. "इतकं चांगलं कराले तुले कोणं सांगतलं होतं गा? थोडी घाण ठेवता नव्हती येत?"

मार्तंडानं पकड घेतली आणि स्वतःचंच सील तोडलं. आपला धड दात आपणच उपटावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. स्क्रू पाव आटा फिरवला. बस खोकली. कागद करडा झाला. आकडा चार.

"आता कशी तपासणी झाल्यासारखी वाटते!" साहेबांनी खुशीत शिक्का मारला.

स्क्रू पुन्हा जागेवर आणायला मार्तंड वाकला, तर चंपतरावांनी त्याचं मनगट पकडलं.

"हात नको लावू! पावतीवर चार लिहेलं हाय. रस्त्यात कोणी तपासलं अन् कागद पांढरा निघाला, तं पावती खोटी ठरन ना!"

मार्तंडानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात चंपतरावांनी चढून बस काढली, आणि नियमाला धरून असलेला धूर थेट त्याच्या घशात गेला.