उचलून सोडलेली चटई

रूटाबाईने सेफिनाच्या पाठीमागे पत्र्याचा डबा बडवला, त्या दिवशी मला कळलं. कोंबड्या उडाल्या, डुकरं पळाली. माझी चार वर्षांची पोर शिंपल्यांची रांग लावत राहिली.

"दादा, हिला ऐकू येत न्हाई," रूटाबाई म्हणाली. राजधानी आपियाहून बोटीने आमच्या बेटावर येऊन ती गावोगाव लहान पोरं तपासायची. "जलमापास्नंच दिसतंय. कुनाच्याच ध्यानात आलं न्हाई?"

"लई गुनाची म्हनून वाखानत हुतो की," माझी आई म्हणाली. "थोरांम्होरं मान खाली, तोंडातनं सबूद न्हाई. आमच्यात ह्यालाच वळन म्हंत्यात."

माझी बायको पेनुएता तेवढी म्हणायची, "पोरीला दाखवून आनू." मी हसायचो. "घरात बोलकी एक हाय, तेवढी पुरं!"

रूटाबाई यायच्या पाच महिने आधी मी नारळाचं झाड तोडत होतो. बुंधा कडाडला आणि सेफिना नेमकी झाडाखाली आली. "पळ!" मी तीनदा ओरडलो. तिने मान वळवली नाही. पेनुएता धावली, पोरीला ढकललं, आणि झाड तिच्या छातीवर आलं. नाकातोंडातून रक्त आलं. ती जागीच गेली. तिचं अंग गार व्हायच्या आत मी झावळीचा दांडा घेऊन पोरीला झोडपलं. "हाक ऐकली न्हाईस! आई खाल्लीस!" दांडा मोडला, मग हाताने मारलं.

मेहुणा इआकोपो कोयता घेऊन आला. घाव खांद्यात बसला. दुसऱ्या दिवशी उजाडताना रिवाजाप्रमाणे मी डोक्यावरून घरातली चांगली चटई पांघरून त्याच्या दाराशी बसलो. ज्याचा अपराध केला, त्याने चटई उचलली तर माफी; नाहीतर कोयता. दुपारी त्याने उचलली.

"ऊठ, दाजी. झाडाला डोळं नसत्यात," तो म्हणाला. "तुला हुतं."

रूटाबाई गेल्यावर मी तीच चटई पांघरून पोरीपुढे बसलो.

"खुळावलास व्हय रं?" आई ओरडली. "तिला काय कळतंय त्यातलं?"

सेफिना जवळ आली. चटईचा कोपरा तिने हातभर उचलला. आत मी आहे हे पाहिलं, कोपरा सोडला आणि पळाली.

आता रूटाबाई दर गुरुवारी येते, आम्हा दोघांना हातांची भाषा शिकवते. पाणी, मासा, आई, एवढं येतं. 'चुकलो' कसं म्हणायचं, ते अजून शिकायचं राहिलं आहे.