मागच्या दरवाजाचे म्हणणे

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पुढचा नव्हे, मागचा. पुढच्या दरवाजाला पाहुणे ओळखतात, त्याला दर दोन वर्षांनी रंग मिळतो, त्याच्या कपाळावर पाटी लागते. मला यातले काही मिळाले नाही आणि मी मागितलेही नाही. पण मी भिंत नाही, एवढे मात्र मी शेवटपर्यंत सांगत राहणार.

मला घडवले तेव्हा ही जागा कापडाचे गोदाम होती. "डोक्यावर गठ्ठा घेतलेला माणूस न वाकता आत आला पाहिजे," असे थोरल्या मालकांनी सुताराला बजावले होते, म्हणून मी चांगला सात फूट उंच झालो. पुढे गोदाम मोडले आणि एका बाईंनी जागा भाड्याने घेऊन शिवणाचा कारखाना काढला. शाळांचे गणवेश आणि दवाखान्यांचे डगले इथे शिवले जात. ते दिवस मला फार आठवतात. दुपारी बायका डबे खाऊन माझ्यातूनच गल्लीतल्या नळावर हात धुवायला जात. बाईंची लेक माझी कडी धरून उभी राहायला शिकली. "हा दरवाजा आहे म्हणून इथे जीव घाबरत नाही," असे बाई म्हणत आणि मी कुरकुर न करता उघडत असे.

मग पुढे रुंद शटर बसले आणि सगळी ये-जा तिकडून सुरू झाली. बाईंची नणंद काजे-बटणांचे काम बघते. तिला सगळ्या बायका आत्या म्हणतात. पुठ्ठ्याचे नमुने टांगायला जागा नाही, म्हणून तिने माझ्यात एक खिळा ठोकला. "एकच गं," असे ती म्हणाली होती. वर्षभरात चाळीस झाले. मग नमुन्यांपुढे कपाट आले. बावीस वर्षे मी त्या लोखंडी कपाटाची पाठ बघत उभा होतो. ते काही बघण्यासारखे दृश्य नाही.

अशातच एके दिवशी धाकटे मालक हातात कागद घेऊन आले. थोरल्या मालकांचे हे चिरंजीव. त्यांना ही जागा कधीची परत हवी होती.

"नवा नियम आलाय, बाई. दहापेक्षा जास्त माणसं काम करतात तिथे बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. तुमच्या चौदाजणी आहेत, वाट एकच. महिनाअखेर जागा सोडा."

"दुसरी वाट काढून घेते की."

"माझ्या भिंतीला भोक पाडायला माझी परवानगी लागते. ती मी देणार नाही."

"नियम तुम्ही केलात का?" आत्याने विचारले.

"मी कशाला करू? सरकारने केला."

"मग एवढे खूश का दिसताय?"

बाईंनी तो कागद ठेवून घेतला. चौदाजणींची चूल या खोलीवर पेटत होती, त्यामुळे बाई रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत. तिथेच, कापडावर खडूने रेघ मारावी तसे ओळीखाली बोट फिरवत त्यांनी चारही पाने वाचली. चौथ्या पानावर बोट थांबले. नवी वाट काढायची तर मालकाची परवानगी हवी. आधीपासून असलेला दरवाजा वापरात आणायला ती लागत नाही. मात्र तो साडेसहा फूट उंच हवा आणि बाहेरच्या बाजूला उघडला पाहिजे.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "कपाट सरकवा."

चाळीस खिळे उपटताना मला दुखले, पण मी हू की चू केले नाही. सुतारमामांनी मला ठोकून पाहिले. "आत उघडतोय, तो उलटा बसवतो. लाकूड शंभर नंबरी आहे." त्यांनी आतली मापे घेतली, बिजागऱ्या फिरवल्या आणि मला बाहेर ढकलले. मी वीतभर उघडलो आणि अडकलो. मामांनी सगळे मोजले होते, गल्ली तेवढी मोजायची राहिली होती. डांबराचे थर चढून चढून ती माझ्या पायापेक्षा उंच झाली होती.

धाकटे मालक गल्लीतच उभे होते. "बघा, त्यालाच बाहेर यायचं नाहीये," असे म्हणून ते हसले.

यायचे होते, मित्रांनो. फार यायचे होते.

"कापा," बाई म्हणाल्या.

"वहिनी, उंची कमी पडली तर?" आत्या चाचरली.

"सहा बोटं कापली तरी साडेसहा फुटांवर दोन बोटं उरतात," मामांनी सांगितले. माझ्या पायाची सहा बोटे करवतीखाली गेली. उंबऱ्यापाशी मामांनी आतून लाकडी उतार बसवला. मी पहिल्यांदा गल्लीत पूर्ण उघडलो, तेव्हा मालक हसत नव्हते.

आठ दिवसांनी तपासणीच्या मॅडम आल्या, काही न कळवता. नेमके त्याच सकाळी आत्याने डगल्यांचा कापलेला गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला होता. बावीस वर्षांची सवय ती. 

"हे काय आहे?" मॅडमनी विचारले.

"गठ्ठा आहे," आत्या म्हणाली. "आत्ताच टेकवला हो."

"चूक आमची आहे," बाई म्हणाल्या. "दरवाजाची नाही."

मॅडमनी शिटी काढून वाजवली. "आग लागलीय असं समजा. निघा."

यंत्रे थांबली. पहिल्या दोघीजणी गठ्ठ्यावरच आदळल्या आणि गठ्ठा माझ्यावर. आत उघडणारा असतो तर त्या ओझ्याने मी तिथेच बंद राहिलो असतो. पण मी आता बाहेर उघडत होतो. कडी निघाली, मी धाडकन गल्लीत गेलो, माझ्यामागून गठ्ठा गेला आणि तपासणी बघायला आलेल्या धाकट्या मालकांच्या पायांशी जाऊन फुटला. त्यांना बाजूला व्हावे लागले, कारण पाठोपाठ चौदाजणी, आत्या आणि बाई बाहेर येत होत्या.

मॅडमनी घड्याळ पाहिले. माझ्या नावापुढे 'योग्य' लिहिले आणि गठ्ठ्याबद्दल बाईंना लेखी ताकीद दिली. दोन्ही बरोबरच होते.

कारखाना चालू आहे. मित्रांनो, आता तुम्हांला एक काम सांगतो. तुमच्या शाळेला, तुमच्या आईवडिलांच्या कामाच्या जागेला माझ्यासारखा एखादा मागचा दरवाजा असेल. तो शोधा. त्याच्यापुढे बाके, खोकी, जुने फळे रचलेले असतील. ते हलवायला सांगा आणि मग त्याला ढकलून पाहा. नाही उघडला, तर का उघडत नाही म्हणून विचारा. मोठी माणसे रागावतील. रागावू द्या. तो उघडेपर्यंत विचारत राहा.